आईसाहेबांच्या जिभेकरिता इटली देशी केलेली स्वारी

श्री अन्नपूर्णा समर्थ. जिने धान्यास चव दिली आणि जिभेस त्या चवीची ओळख दिली, तिचे स्मरण करून ही हकीकत लिहिली असे. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरे, ज्येष्ठ मासी एका राज्यातून इटली देशावर स्वारी निघाली. राज्य चौथ्या मजल्यावरचे, तीन खोल्यांचे, पूर्वेस बुरूज म्हणून एक गॅलरी. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. राज्यात आईसाहेब कुमुदिनीबाई, त्यांचे चिरंजीव विद्याधरराव आणि सूनबाई हेमांगीबाई, ऐशी तीन माणसे. राज्याचा कायदा ऐसा, की देवास नैवेद्य दाखविल्यावाचून स्वयंपाक चाखू नये. रांधणारीने मीठ अंदाजे घालावे, आणि मग पाने वाढल्यावर आईसाहेबांनी पहिला घास घेऊन निवाडा द्यावा. निवाडा कडक असे. 'आमटी बरी आहे, चिंच मात्र घाईत कोळलीस', इतके बोलणे झाले तरी सूनबाईंस शेला-पागोटे मिळाल्यासारखे वाटे.

मग मागल्या माघात आईसाहेबांस ज्वर आला आणि उतरला, आणि उतरतेवेळी जिभेची चव व नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. त्या दिवसापासून आईसाहेब पानातल्या प्रत्येक पदार्थास 'छान झालंय' म्हणो लागल्या. हे ऐकून राज्यावर अवकळा पसरली. एके दिवशी हेमांगीबाई वरणात मीठ घालण्यास विसरल्या आणि आईसाहेबांनी 'छान' म्हणोन पुन्हा वाढून घेतले, तेव्हा सूनबाई ओट्याकडे तोंड करून उगीच भांडी विसळीत राहिल्या. वैद्य बोलिले, की नसा पुन्हा जुळतात परंतु घाई करीत नाहीत, तोवर नाकास व जिभेस रोज काही नवे द्यावे. मग लवंग, लिंबू, निलगिरी हुंगविण्याचा क्रम धरिला आणि गुण काही दिसेना.

आईसाहेबांची जुनी इच्छा होती, की कधी परमुलखी जाऊन तिथल्या बायकांच्या हातचे त्यांच्याच घरी जेवावे. विद्याधररावांनी ती आठवून इटलीचा बेत काढिला. आईसाहेब बोलिल्या, "मला कशाला नेता? मला दगड वाढला काय नि लाडू वाढला काय, सारखंच." सूनबाई बोलिल्या, "म्हणूनच जायचं, आई." मग मसलत बसली. विद्याधररावांचे मत रोम आणि व्हेनिस, तेही मोठ्या कंपनीच्या काफिल्यासोबत. "आचारी बरोबर असतो. रोज रात्री गरम वरणभात."

"अहो, वरणभात खायला इटलीला?"

"आईला सोसेल ते."

"आई त्यालाही छानच म्हणतील," ऐसे हेमांगीबाई बोलिल्या. मग त्यांनी आपली बाजू मांडिली, की नामांकित शहरी गिऱ्हाईक आज आले ते पुन्हा येत नाही, म्हणून रांधणारा त्याचे तोंड पाहत नाही. जेथे रांधणारी बाई पाहुण्याच्या तोंडाकडे बघत उभी राहते, तेथे जावे. मग ज्या प्रांती प्रवासी क्वचित जातात ते पाहिले. मोलीझे प्रांताची तिकडचेच लोक थट्टा करितात की तो मुळी अस्तित्वातच नाही. परंतु तेथे गाडीघोडा दुर्मीळ आणि आईसाहेबांचे गुडघे नाजूक. बासिलिकाता प्रांती मिरच्यांच्या माळा वाळवून तळतात, आपल्या सांडग्या मिरचीची बहीणच. परंतु ज्येष्ठात मिरची अजून शेतात. शेवटी मार्के प्रांती, सिबिलिनी डोंगराच्या कुशीतले एक खेडे ठरले, जेथे मसूर पिकतो आणि असुंताबाई नामे विधवा आपल्या घरी पाहुणे ठेविते.

स्वारी पोहोचली. असुंताबाईंनी मेंढीच्या दुधाचे चीज वाढिले, रानातली बडीशेप वाढिली, आंबट चेरीचा मुरंबा वाढिला, आणि आईसाहेबांनी सर्वांस 'छान' म्हटले. खिशातल्या दुभाषी यंत्राने ते सांगितले की असुंताबाई प्रसन्न होऊन आणखी वाढीत, आणि पानात टाकू नये या शिकवणीने आईसाहेब निमूट संपवीत. विद्याधरराव अंगणात येऊन पत्नीस बोलिले, "रोममध्येही छानच म्हणाली असती. निदान रोम तरी दिसलं असतं."

मग एके दुपारी असुंताबाई चुलीपाशी मसूर शिजवीत असता आईसाहेब शेजारी खुर्ची घेऊन बसल्या. असुंताबाईंनी लाकडी चमचा पातेल्यात घालून स्वतः चाखिला आणि तोच चमचा पुन्हा भरून आईसाहेबांच्या ओठांपाशी धरिला. विद्याधरराव खाकरले, कारण चमचा उष्टा, आणि नैवेद्य तर दूरच. आईसाहेबांनी क्षणभर चमच्याकडे पाहिले, मग त्या बाईच्या तोंडाकडे पाहिले, आणि घास घेतला. आणि बोलिल्या, "आळणी आहे."

हेमांगीबाईंनी यंत्रास ते सांगितले. असुंताबाई बोलिल्या, "आळणीच असणार. मसूर मऊ झाल्याशिवाय आम्ही मीठ घालत नाही. हिला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? जिभेला कळतं की," ऐसे आईसाहेब बोलिल्या, आणि आपण काय बोलिलो हे ध्यानी येऊन ओठांवर बोटे ठेवून बसल्या. विद्याधररावांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकास पुसला आणि पुशीतच राहिले. असुंताबाईंस पुरते उमगले नाही, परंतु काही थोर घडले इतके कळले, आणि त्यांनी मिठाचे भांडे आईसाहेबांच्या मांडीवर ठेविले. आईसाहेबांनी चिमटीने मीठ घातले, ढवळले, आणि जन्मात प्रथमच पातेल्यातून स्वतः चाखिले. विद्याधरराव बोलिले, "आई, नैवेद्य?" आईसाहेब बोलिल्या, "देव समजून घेईल. इतके महिने हेमांगीने मला काय काय खाऊ घातलं ते त्यालाच ठाऊक." आणि सूनबाई हसता हसता रडल्या.

त्या दुपारी आईसाहेबांनी पाव आळणी ठरविला. त्या मुलखी पावात मीठ घालण्याची रीतच नाही. असुंताबाई कमरेवर हात ठेवून भांडल्या, की चीज खारट, मग पावाने खारट का व्हावे. आईसाहेब बोलिल्या, "हे मात्र पटण्यासारखं आहे," आणि तरीही मीठ मागून घेतले.

एवंच स्वारी फत्ते जाहली. खरे तेच लिहावे, तर मीठ प्रथम आले, त्यामागे आंबट आले, गोड आश्विनात आले, आणि वास अद्याप निम्माच आहे. जे आले त्याबद्दल त्या डोंगराचे, त्या मसुराचे आणि असुंताबाईंच्या उष्ट्या चमच्याचे हे राज्य ऋणी आहे. परतल्यावर पहिल्याच पानावर आईसाहेबांनी निवाडा दिला, की पोळ्या जाड झाल्यात आणि भाजी खारट आहे, आणि सूनबाईंनी हात जोडून तो ऐकिला. लेखन समाप्त.