मुल्की पुरणपोळी

वजन उतरवायला उपाशी राहावं लागतं, ही अफवा ज्यांना हिशेब येत नाही त्यांनी उठवलेली आहे. मी खजान्यात नोकरी केलेला माणूस. पुरणपोळी, खुबानी का मीठा आणि इराण्याच्या हॉटेलातला मलईचा चहा, यातलं एकही न सोडता वजन कसं उतरवायचं याचा शोध मी लावला होता. तो जगापुढे आला नाही याला कारण माझी बायको. पण ते ओघानं येईलच.

पोलीस अॅक्शन होऊन वर्ष होत आलं होतं. हैदराबाद संस्थान हिंदुस्थानात सामील झालं आणि आम्हा जुन्या नोकरांना नव्या सरकारात घ्यायचं की घरी पाठवायचं, हे ठरवायला निरनिराळे साहेब येऊ लागले. कुणी आमचं इंग्रजी तपासलं, कुणी वय तपासलं. शेवटी मद्रासहून डॉक्टर वरदाचारी आले, ते आमची शरीरं तपासायला. ज्याला ते ‘लायक’ लिहितील त्याची जागा पक्की. ज्याला ‘नालायक’ लिहितील त्यानं अर्ध्या पेन्शनीवर नारायणगुड्याच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारायची.

मी त्या काळी अंमळ भरलेला होतो. अंमळ म्हणजे किती, तर आमच्या नारायणगुड्याच्या नाक्यावर मी टांग्यात चढायच्या आधी टांगेवाला घोड्याला पाणी पाजून, त्याच्या कानात काहीतरी सांगून यायचा. डॉक्टरांच्या काट्यावर उभा राहिलो तेव्हा काटा असा धावत सुटला, की आता हा पलीकडच्या भिंतीवर जाऊन थांबणार असं मला वाटलं.

“दो सौ दस पौंड,” वरदाचारी म्हणाले. त्यांची हिंदी मद्रासच्या स्टेशनावरच चढली होती, आणि तीही घाईत. “मिस्टर मुकुंदराव, तुम्हारा पेट पहले आता, तुम पीछे आता. एकसौ अस्सी होना. नहीं तो घर जाना.”

“कैसे होना, साहेब?”

“रोज पंद्रहसौ कॅलरी खाना. उससे जास्ती नहीं.”

कॅलरी हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अन्नातली ताकद मोजायचं ते माप, एवढं डॉक्टरांनी समजावलं. आता इथे मला तुम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या संस्थानाचा रुपया वेगळा होता. तो हाली. हिंदुस्थानचा रुपया तो कलदार. सहा कलदारला सात हाली, असा दर. खजान्यात दिवसभर आम्ही हेच करायचो. कलदारचे हाली, हालीचे कलदार. माझ्या कानावर कुठलाही आकडा पडला की तोंडातून प्रश्न आपोआप बाहेर यायचा. तसा तो आला.

“साहेब, हाली की कलदार?”

डॉक्टरांना येऊन चार दिवस झाले होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “क्या हाली? पूरे इंडिया का यही है.”

इंडियाचं म्हणजे कलदार. डॉक्टरांनी स्वतःच्या तोंडानं निकाल दिला होता. मी टांग्यातच हिशेब केला. पंधराशे कलदार म्हणजे साडेसतराशे हाली. दिवसाला अडीचशे कॅलरींचा सरळ नफा!

घरी आलो तो तारामती पोळपाट मांडून बसली होती. मी सगळं समजावून सांगितलं.

“बरं, मग या पुरणपोळीत किती असतात त्या?” तिनं विचारलं.

“अडीचशे.”

“कशावरून?”

“तेवढ्याच शिल्लक आहेत म्हणून.”

तिनं लाटणं खाली ठेवलं. “अहो, पण डॉक्टर इंडियाचे तर पोळीसुद्धा त्यांच्याच मापानं मोजायची की. पोळीला वेगळा दर कसा?”

“डाळ कुठली?”

“लातूरची.”

“गहू?”

“परभणीचा. साखर बोधनची, तूप नांदेडहून भाऊजींनी पाठवलेलं.”

“म्हणजे सगळं आपल्या संस्थानातलं. ही पोळी मुल्की आहे. मुल्की पोळी हालीतच मोजायची. कोल्हापूरचा गूळ घातला असतास तर कलदार लावावा लागला असता.”

“आणि पोट?”

“पोट काय?”

“पोटही मुल्कीच ना? मग जे साठायचं ते इथंच साठणार.”

बायकांना विनिमयाचा दर समजत नाही, असं मी मनाशी म्हणालो आणि पोळीवर तूप ओढून घेतलं.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बशीरुद्दीन बसायचे. अंगानं काडीसारखे. डॉक्टरांनी त्यांना एका मिनिटात लायक ठरवलं होतं, त्यामुळे ते दुसऱ्यांच्या अडचणींचा विचार करायला मोकळे होते. माझा शोध ऐकून त्यांनी माझा हात धरला.

“वाह मियाँ! मगर खुबानी के मीठे का क्या करते?”

तिथे मी अडलो. त्यांच्या घरचं खुबानी का मीठा म्हणजे जर्दाळू शिजवून, घोटून, वर घट्ट साय घातलेलं असं प्रकरण होतं, की पहिला चमचा जिभेवर गेला की माणसाला आपले सगळे शत्रू आठवायचे आणि त्या सगळ्यांना माफ करावंसं वाटायचं. फळ आणि साखर, त्याला कसलं सोवळं-ओवळं, असं आमच्या घरात फार पूर्वी ठरलं होतं. पण जर्दाळू संस्थानात पिकत नाहीत.

“खुबानी काबुल की है,” मी म्हणालो. “ना हाली, ना कलदार.”

बशीरुद्दीननी डोळे मिटले. वीस वर्षं खजान्यात काढलेला माणूस. “काबुल का सिक्का अपने यहाँ चलता?”

“नाही.”

“तो जो चलताइच नहीं, उसका हिसाब कायकू?”

मी उठून त्यांना मिठी मारली. माझ्या मिठीत ते बराच वेळ कुणाला दिसले नाहीत. त्या दिवसापासून खुबानी का मीठा शून्य कॅलरीत धरायचं ठरलं, आणि शून्याला काही मर्यादा नसते.

ही बातमी खजान्यातून बाहेर पडली. आधी हिशेबनीस आले, मग करोडगिरीतले जकातवाले, मग शाळेतले मास्तर. रविवारी माझ्या ओट्यावर शहरातले वजनदार लोक जमू लागले. ओटा एका बाजूला कलला, असं शेजारचे आबासाहेब वकील अजून म्हणतात. पण त्यात त्यांचाही वाटा होता. मी निकाल द्यायचो. नागपूरची संत्री कलदार, बेतानं खा. मिरची का सालन मुल्की, पण त्यातलं खोबरं किनाऱ्यावरचं, ते बाजूला काढून वेगळं खा. सोलापूरची शेंगदाण्याची चटणी? हद्दीपलीकडची, सरळ कलदार, जपून. इराण्याचा चहा? आबासाहेबांनी उभं राहून युक्तिवाद केला की इराणी इराणचा, म्हणून चहा काबुलच्या न्यायानं शून्य. मी तो मान्य केला. त्यावर त्यांनी बिस्किटंही त्याच खटल्यात घुसवली.

दोन महिन्यांनी पुन्हा तपासणीला बोलावणं आलं. शेरवानीचं सगळ्यात खालचं बटण लागेना. तारामती म्हणाली, “शेरवानी आटली असेल. कलदार कापड दिसतंय.” ती हे तोंड अगदी साधं ठेवून म्हणाली.

पण मी निर्धास्त होतो. पुरावा म्हणून बशीरुद्दीनना बरोबर घेतलं होतं. त्यांच्या हातात खुबानी का मीठा भरलेला झाकणाचा कटोरा होता.

“दो सौ सोलह,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी काटा ठोकून पाहिला, मला उतरवून पुन्हा चढवलं. काटा आपल्या शब्दाला जागला. “मिस्टर मुकुंदराव, उतरना बोला था. तुम चढ गया.”

मग मी त्यांना सगळी पद्धत समजावली. हाली, कलदार, मुल्की पोळी, काबुलचे जर्दाळू. बशीरुद्दीन मधून मधून “हौ साहेब, बराबर बोलते” म्हणत होते. डॉक्टर मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, माणूस पटला.

“ये क्या है?” त्यांनी कटोऱ्याकडे बोट केलं.

“झीरो कॅलरी, साहेब. आप खुद जाँच लो.”

त्यांनी एक चमचा जाँचला. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं. दुसरा चमचा जाँचला. मग कटोरा आपल्या बाजूला सरकवून ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“तुम्हारा खाना मुल्की. तुम्हारा पेट मुल्की?”

“जी.”

“मेरा काँटा इंडिया का. दो सौ सोलह पौंड कलदार हुआ. हाली में कितना?”

मी गप्प बसायला हवं होतं. देवानं तोंड मिटायला ओठ दिलेत. पण खजान्यातला माणूस. साहेबानं दर विचारला आणि आपण सांगितला नाही, असं उभ्या नोकरीत झालं नव्हतं.

“दोनशे बावन्न, साहेब.”

बशीरुद्दीननी कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी लेखणी उचलली, शाईत बुडवली, आणि ‘नालायक’च्या रकान्यावर धरली. शाईचा थेंब टोकाशी येऊन फुगत होता. त्या थेंबात मला माझा ओटा दिसला, अर्धी पेन्शन दिसली, आणि नांदेडहून यायचं बंद झालेलं तूप दिसलं.

“साहेब, एक मौका.”

थेंब कागदावर पडायच्या आत त्यांनी लेखणी झटकली. “मैं मद्रास जाने के पहले आखरी बार देखेगा. एकसौ अस्सी. नहीं तो खलास. और ये,” त्यांनी कटोरा आणखी आत ओढला, “ये जाँच के लिए इधर रहेगा.”

घरी येऊन मी तारामतीला सगळं खरं सांगितलं. ती हसली नाही. तेवढे तिचे उपकार मी मानतो. तिनं फक्त पदर खोचला.

“आजपासून विनिमय बंद. या घरात आता एकच नाणं चालेल, माझं.”

“म्हणजे?”

“ज्वारीची एक भाकरी, अंबाडीची भाजी, ताक. दोन्ही वेळा.”

“आणि पोळी?”

“पोळी आहे की. मी काय राक्षसीण आहे? रोज चतकोर मिळेल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. “कुठंय?”

“अंबरपेठेत. कुसुमताईकडे.”

कुसुमताई म्हणजे तिची थोरली बहीण. तारामती आठवड्यातून एकदा पोळ्या करून तिच्याकडे ठेवायची. मी कचेरीतून सुटलो की नारायणगुड्याहून अंबरपेठेपर्यंत पायी जायचं, चतकोर खायची, पायी परत यायचं. मी पायी आलो की टांग्यानं, हे कळायला कुसुमताई शेरवानीवरची धूळ बघायची. धूळ नसली तर म्हणायची, “मुकुंदराव, आज पोळ्या संपल्या हो.” पायी गेलो तर चतकोर हातावर ठेवायची आणि वर तुपाचा डबा नुसता उघडून झाकायची. वासाला कॅलरी नसतात, असं तिनं कुठून तरी ऐकलं होतं.

पहिले काही दिवस मी त्या चतकोराचे लहान लहान तुकडे करून खायचो. नंतर असं व्हायला लागलं की अंबरपेठेच्या वळणावरच पुरणाचा वास यायचा, आणि ती चतकोर पोळी मला पूर्वीच्या चार पोळ्यांपेक्षा जास्त पोळी वाटायची. हे मी तारामतीला कधी कबूल केलं नाही. टांगेवाल्यांचे घोडे मला पाहून मान वर करायला लागले, हे मात्र सगळ्या शहरानं पाहिलं. शेरवानी अशी ढिली झाली, की मी वळलो तरी ती थोडा वेळ समोरच बघत राहायची.

या सगळ्या काळात बशीरुद्दीन दर शुक्रवारी भरलेला कटोरा घेऊन डॉक्टरांच्या बंगल्यावर जात होते. मी विचारलं तर म्हणायचे, “साहेब बोले, जाँच अभी पूरी नहीं हुई.”

शेवटच्या तपासणीला मी काट्यावर उभा राहिलो. काटा शंभरावर अडखळला, पुढे सरकला आणि एकशे ऐंशीच्या खाली, एका रेघेवर, सभ्य माणसासारखा उभा राहिला. मी ‘साहेब’ म्हणून वळलो, आणि डॉक्टर वरदाचारींना इतक्या दिवसांत प्रथमच नीट पाहिलं.

माणूस खुर्चीत बसलेला नव्हता. खुर्चीनं माणूस घातलेला होता. कोटाची दोन्ही टोकं एकमेकांना लांबून नमस्कार करत होती. ते माझं वजन बघायला उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर निम्म्यापर्यंत उठली आणि मग काय वाटलं कोण जाणे, खाली बसली.

“बहुत अच्छा,” ते म्हणाले. ‘लायक’चा रकाना समोर होता. लेखणी शाईत बुडवलेली होती. पण ती खाली येईना. त्यांनी दाराकडे पाहिलं. शिपायाला बाहेर पाठवलं.

“मिस्टर मुकुंदराव. अगले सोमवार मैं मद्रास जाता. उधर मेरा बडा साहेब है, वो मेरा वजन देखेगा. और मेरा वाइफ भी देखेगा.” ते जवळ झुकले, टेबल कुरकुरलं. “तुम्हारा वो खुबानी का हिसाब. एक बार फिर से बोलो.”

खरं सांगतो, माझ्या मनात खरं बोलायचंच होतं. अंबरपेठेचा रस्ता, कुसुमताईचा तुपाचा डबा, एक भाकरी, सगळं ओठांवर आलं होतं. पण सही अजून व्हायची होती.

“साहेब,” मी म्हणालो, “आप तो गैरमुल्की. मद्रास के आदमी को हैदराबाद का खाना अंग को लगताइच नहीं.”

डॉक्टरांचा चेहरा उजळला, लेखणी खाली आली, आणि सही अशी झाली की शेवटचं अक्षर कागदाबाहेर टेबलावर गेलं. मी शाई वाळेपर्यंत तिथेच उभा राहून फुंकर घालत होतो. ते म्हणाले, बसा, खुबानी आहे थोडी. मी म्हटलं, नको साहेब, मला अंबरपेठेला जायचंय, आणि पायी जायचंय.