साळूबाईची उडती टोपली

मुलांनो, घरातून निघालेल्या माणसाला तुम्ही कधी मागून हाक मारली आहे का?

मारली असेल तर कबूल करा. मी रागावणार नाही. आधी गोष्ट तर ऐका.

एका जंगलात एक साळू राहत होती. अंगभर काटे, पण बोलणं अगदी मऊ. सगळे तिला साळूबाई म्हणत.

साळूबाईची लेक बोरी टेकडीपलीकडच्या रानात दिली होती. बोरीचे दिवस भरत आले होते. पहिलीच खेप. रीतीप्रमाणे तिनं माहेरी यायचं, पण आता तिला टेकडी चढवेना. तिनं निरोप पाठवला, "आई, तूच ये. तू जवळ नसलीस तर मला धीर व्हायचा नाही."

टेकडी काही मोठी नव्हती. दुपारी पायी निघालं तर दिवेलागणीला पलीकडे पोचता येई. साळूबाईची आई तशीच जायची. तिची आजीही तशीच जायची.

पण आता जंगलात उडती टोपली सुरू झाली होती. चार करकोचे एका मोठ्या टोपलीच्या वेली चोचीत धरत आणि घटकाभरात टेकडीपार नेत. फक्त टोपलीत बसायला तीन तास आधी यावं लागे. उतरल्यावर आपलं गाठोडं शोधायला आणखी एक तास.

एकूण वेळ तेवढाच लागायचा. पण पायी जाणं आता कमीपणाचं झालं होतं. बोरीच्या सासूनं तर बजावूनच ठेवलं होतं, "विहीणबाई, यायचं तर वरूनच या. मी इथं चार जणींत सांगून बसलेय."

म्हणून साळूबाई टोपलीनं निघाली. दिवस उगवायच्या आतच निघाली. डिंकाचे लाडू घेतले, बाळंतविडा घेतला. अस्वलकाकूंनी तिच्या हातावर दही घातलं. साळूबाई दहा पावलं गेली असेल नसेल, तोच काकूंनी हाक मारली.

"अगं साळू, मध राहिला की!"

साळूबाई थबकली. त्या जंगलात एक रीत होती. निघताना मागून कुणी हाक मारली, तर तसंच पुढं जायचं नाही. घरी परत यायचं, टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. नाहीतर प्रवासात विघ्न येतं.

साळूबाई परतली, टेकली, पाणी प्यायली, निघाली.

"साळूवहिनी!" तरसभावजी ओरडले. "सांभाळून जा हं!"

साळूबाई परतली, टेकली, पाणी प्यायली.

"भावजी, आता हाक मारू नका हं," ती निघताना म्हणाली.

"नाही मारणार!" भावजी मागून ओरडले.

झालं. पुन्हा परत.

असं सात वेळा झालं. सगळ्यांची माया होती, दुसरं काही नाही. आठव्यांदा साळूबाई निघाली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं आणि पोटातलं पाणी डुचमळत होतं.

धापा टाकत ती टोपलीच्या माळावर पोचली. तिथं बगळेसाहेब एका पायावर उभे होते. त्यांचे डोळे मिटलेले होते. साळूबाईनं टोपलीत जागा राखल्याचं आपलं पान पुढं केलं.

"नाव?"

"साळूबाई."

"अंगावर काही टोकदार वस्तू?"

"अहो, अंगच टोकदार आहे."

"ते गाठोड्यात ठेवा. गाठोड्यात पातळ पदार्थ?"

"मध आहे थोडा. लेकीसाठी."

बगळेसाहेबांनी मध काढून ठेवला, लाडू मोजले, बाळंतविडा उलगडून पुन्हा चुकीचा गुंडाळला. मग ते म्हणाले, "तुम्हाला उशीर झाला. टोपली गेली."

साळूबाईनं पाहिलं. टोपली समोरच होती. करकोचे पिसं साफ करत होते. टोपलीत ससाभाऊ, कोल्हे आणि आणखी दहा-बारा जण दाटीवाटीनं बसले होते.

"साहेब, ती काय टोपली!"

"डोळ्यांना दिसते ती वेगळी," बगळेसाहेब डोळे न उघडता म्हणाले. "नोंदीप्रमाणे ती उडाली आहे. दार घंटेला बंद होतं. घंटा होऊन गेली."

"अहो, लेक बाळंत व्हायची आहे. दोन पावलांचं तर अंतर."

"तक्रार असेल तर पलीकडे तक्रारीची दरी आहे."

साळूबाई दरीच्या काठावर गेली आणि जीव तोडून ओरडली, "मला कधी नेणार?"

दरीतून लगेच उत्तर आलं, "कधी नेणार... कधी नेणार..."

शेजारी एक म्हातारं कासव बसलं होतं. ते म्हणालं, "बरं आहे तुमचं. निदान लगेच उत्तर आलं. पूर्वी इथं दरी नव्हती, तेव्हा तेही येत नसे."

साळूबाई टोपलीजवळ येऊन उभी राहिली. ससाभाऊंनी तिला पाहिलं.

"काय हो साळूताई, उशीर केलात! मला बघा. मी कालपासून येऊन बसलोय. वेळेची कदर पाहिजे माणसाला."

"मग तुम्ही अजून इथंच कसे?"

ससाभाऊंचे कान जरा खाली आले. "टेकडीवर धुकं आहे म्हणे. आणि एका करकोच्याची झोप पुरी व्हायची आहे. मी म्हटलं, तोवर पाय मोकळे करतो. तर साहेब म्हणतात, तुम्ही उडालेले आहात, उडालेल्याला मध्येच उतरता येत नाही."

"भूक लागली असेल."

"फार."

साळूबाईनं टोपलीच्या काठावरून त्यांच्या हातात दोन लाडू ठेवले. दुपार झाली. धुकं हटलं, पण करकोचे उठले नाहीत. बगळेसाहेबांनी साळूबाईला नवं पान दिलं. "उद्याच्या टोपलीत जागा आहे. नाहीतर परवाच्या."

उद्या! साळूबाईनं पान हातात घेतलं आणि टेकडीकडं पाहिलं. तिला बोरीचा निरोप आठवला. विहीणबाईंचाही आठवला. मग तिनं पान दुमडून बगळेसाहेबांच्या वर उचललेल्या पायात ठेवलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि सरळ टेकडीची वाट धरली.

मागून ससाभाऊंनी हाक मारली, "साळूताई, अहो साळूताई!"

साळूबाईनं ती ऐकली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दिवेलागणीला ती पलीकडे उतरली. तिथं एका सपाट खडकावर बोरीची सासू आणि सगळ्या आयाबाया नटूनथटून उभ्या होत्या. हातात आरतीचं ताट. माना वर, डोळे आभाळाकडं.

"विहीणबाई," साळूबाई म्हणाली, "मी आले."

"बाजूला व्हा हो जरा," सासूबाई मान खाली न करता म्हणाल्या. "मध्ये येऊ नका. आमच्या विहीणबाई वरून यायच्यात."

"अहो, मीच ती."

"काहीतरीच काय! त्या पायी कशाला येतील?"

"बरं, बोरी कुठं आहे?"

"आहे बिळात. कळा सुरू झाल्यात तिला. आम्ही म्हटलं, आईचं स्वागत करून येतोच."

साळूबाईनं पुढचं ऐकलंच नाही. ती धावतच बिळात शिरली. बोरी एकटी, भिंतीला टेकून, दात आवळून पडली होती. तिनं डोळे उघडले.

"आई, किती गं वेळ!"

"आले ना बाळा. धर माझा हात. काटे लागले तरी सोडू नकोस."

थोड्याच वेळात बाळ झालं. मुलगी. बाळ-बाळंतीण दोघी सुखरूप.

आणि ती टोपली? ती संध्याकाळी उडाली. पण पुन्हा धुकं आलं म्हणून करकोच्यांनी ती तीन रानं पलीकडच्या तळ्यावर उतरवली. ससाभाऊ अजून नोंदीप्रमाणे वेळेवर आहेत.

तात्पर्य: मुलांनो, आयुष्यात वेळेवर पोचणं फार महत्त्वाचं आहे. म्हणून महत्त्वाच्या कामाला निघताना शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावं, की बाबांनो, टोपली नक्की चुकेपर्यंत मागून हाका मारत राहा.

बाळाचं पुढं काय झालं, विचारताय? साळूची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे काटे मऊ असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बोरीच्या लेकीचे काटे टणक झाले, आणि आजीनं तिला बिळाबाहेर नेऊन पहिलं ऊन दाखवलं.