सर्पमित्र मुंगूस

एका जंगलात, म्हणजे तेव्हा तिथं जंगल होतं म्हणून म्हणायचं, सळसळबाई नावाची एक धामण राहत होती. तिची अंडी वारुळात होती. पिल्लं निघायला थोडाच अवकाश होता. आणि नेमकं तेच वारूळ पाडायला अस्वलांची टोळी येऊन ठेपली.

कशाला? अहो बाळांनो, सापांना वाचवायला! चपळराव मुंगूस तिथं सर्पसंग्रहालय बांधणार होते. हो, मुंगूसच. हसू नका. पूर्वी ते साप दिसला की खायचे. आता बरणीत ठेवायचे आणि स्वतःला सर्पमित्र म्हणवून घ्यायचे.

सळसळबाई जिवावर उदार होऊन तडक त्यांच्याकडे गेली.

"चपळराव, माझं वारूळ तेवढं सोडा. पिल्लं निघेपर्यंत तरी."

"अहो ताई, सापांसाठीच तर चाललंय सगळं!"

"मग मी काय गांडूळ आहे?"

"साप आहात हो, पण धामण!" चपळरावांनी नाक मुरडलं. "ढिगानं सापडतात. आमच्या बरण्या काय उतू चालल्यात? आम्ही फक्त दुर्मिळ घेतो. तुम्ही जरा कमी होऊन या."

"कमी व्हायचं म्हणजे कसं?"

"ते आमच्यावर सोडा. मित्र कशाला असतात?"

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. त्या दिवशी खणू नये, चिरू नये. चपळराव रीतीभातीला पक्के. त्यांनी अस्वलांना सुट्टी दिली. स्वतः येऊन वारुळाला हळदकुंकू वाहिलं, लाह्या ठेवल्या, दुधाची वाटी ठेवली, डोळे मिटून हात जोडले. सळसळबाईला वाटलं, फुटला बाई पाझर! दूध काही तिला चालत नव्हतं. पण पाहुण्याचा मान म्हणून तिनं वाटीला तोंड लावलं.

पंचमी सरली. उजाडताच अस्वलांनी हळदकुंकवासकट वारूळ सपाट केलं.

अंडी? ते विचारू नका.

संग्रहालय उभं राहिलं. बाकीच्या धामणी कुठं गेल्या, कुणास ठाऊक. एक दिवस विटांच्या ढिगाआड सळसळबाई एकटीच दिसली. चपळराव बरणी घेऊन धावत आले. डोळ्यांत आनंदाश्रू.

"अभिनंदन ताई! दुर्मिळ झालात!"

बरणी चांगली ऐसपैस होती. मागच्या काचेवर हुबेहूब वारूळ रंगवलं होतं. सळसळबाईनं ते जिभेनं वरपासून खालपर्यंत चाचपलं. चित्रकार आत जायला भोक ठेवायचं विसरला होता.

तात्पर्य : बाळांनो, ढिगानं जगू नये, कुणी विचारत नाही. संपत यावं. मग मित्रांना तोटा नाही.