कोंडिबा खेकड्याची भवानी

एका जंगलात, बाळांनो, मंदी आली. ती कशी दिसते हे कोणीच पाहिलं नव्हतं. माकडं म्हणत, ती उत्तरेकडून आली. वटवाघळं म्हणत, ती वरून आली. पण वटवाघळांचं वर म्हणजे कुठे, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या जंगलात ओढ्याकाठी चार दुकानांचा बाजार होता. पहिलं दुकान कोंडिबा खेकड्याचं, केस कापायचं. कात्र्या जन्मतःच हाताला असल्यामुळे त्याला भांडवल लागलं नव्हतं. शेजारी भागाबाई अस्वल मध विकायची. पलीकडे सुगरणबाई टोपल्या आणि खुर्च्यांच्या बैठका विणून द्यायची. टोकाला निवृत्ती कासवाची घरपोच सामानाची सेवा होती. त्याच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘आज टाका, पोचेल’.

बाजारात चिंचोके चालत आणि एक नियम चाले. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती झाल्याशिवाय दुकानदाराने मडक्यातला चिंचोका खर्चायचा नाही. वाडवडील असंच करत आले, आणि ते काही वेडे नव्हते.

मंदी आली आणि भवानी होईना.

“भागाबाई, केस पार डोळ्यांवर आलेत की,” कोंडिबा म्हणाला. “काल तुम्ही मधमाश्या बरणीत भरल्या आणि मध पोळ्यात ठेवलात.”

“कापायचेत हो, भाऊ,” भागाबाई कोंडिबाच्या शेजारच्या दगडाकडे बघून म्हणाली. “निवृत्तीला खोकल्यावर मध हवाय. त्याने नेला की माझी भवानी होईल, की आलेच.”

निवृत्ती खोकत बसला होता. सुगरणबाईने डोंगरापलीकडून गवत मागवलं की त्याची भवानी होणार होती. सुगरणबाई गवत मागवायला तयार होती. कोंडिबाने खुर्चीची फाटकी बैठक विणायला दिली, की लगेच. आणि कोंडिबा भागाबाईच्या केसांकडे बघत बसला होता.

असे दोन महिने गेले.

मग कोंडिबाला सासऱ्याचं पत्र आलं. ‘पुनवेपर्यंत जमलं नाही तर बिऱ्हाड घेऊन इकडेच या. बिळात तुमच्यासाठी कोपरा केला आहे.’ कोंडिबाला तो कोपरा ठाऊक होता. तिथे त्याचे अकरा मेहुणे एकमेकांच्या पाठीवर राहत. घरजावई होण्यापेक्षा कोणाच्या तरी रश्श्यात पडलेलं बरं, असं त्याला मनापासून वाटलं.

तेवढ्यात करकोचेसाहेब आले. ते दर हिवाळ्यात परदेशाहून येत, म्हणून विद्वान होते. व्याख्यानाच्या दिवशी ते शाकाहारी असत, एवढा त्यांचा मोठेपणा. विषय होता, ‘मंदीत लहान धंदेवाल्यांनी पैसा कुठे घालावा?’ प्रवेश पाच चिंचोके, आगाऊ.

“साहेब, अजून भवानी नाही झाली,” कोंडिबा हात जोडून म्हणाला. “खर्च कसा करू?”

“हा खर्च नव्हे,” साहेब म्हणाले. “ही गुंतवणूक आहे.”

बाजार विचारात पडला. गुंतवणुकीबद्दल वाडवडील काहीच बोलले नव्हते. चौघांनी मडकी आणली. मडकी चांगली गच्च भरलेली होती. कोंडिबाने पाच चिंचोके मोजून दिले. त्याच्या नांगीने धरल्यामुळे त्याच्या प्रत्येक चिंचोक्यावर एक खाच पडलेली असे.

साहेबांनी एक पाय पोटाशी घेतला आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “एका पायावर उभे राहा. दुसऱ्या पायाची झीज वाचते. जी वाचते ती गुंतवा.”

“कशात, साहेब?” सुगरणबाईने विचारलं.

“पहिल्या पायात.”

टाळ्या पडल्या. मग सगळे उभे राहू लागले. भागाबाई एका पायावर उभी राहिली आणि सुगरणबाईच्या टोपल्यांवर पडली. निवृत्ती उलथा झाला आणि तसाच राहिला. कोंडिबाने आठांपैकी सात पाय वर धरले. त्याची झीज सर्वांत जास्त वाचली, म्हणून सगळे त्याच्याकडे असूयेने पाहू लागले.

साहेबांची भवानी तर सकाळीच झाली होती. जाता जाता ते कोंडिबाच्या दुकानात शिरले, मानेची पिसं नीट करून घेतली आणि दोन चिंचोके दिले.

कोंडिबाने ते कपाळाला लावले. एक देवापुढे ठेवला, दुसरा घेऊन तो तिरका धावत सुटला. सुगरणबाईने बैठक विणायला घेतली आणि गवत मागवलं. निवृत्तीला सरळ करण्यात आलं; त्याने मध घेतला. भागाबाई खुर्चीत येऊन बसली. केस गेले आणि तिला दोन महिन्यांनी कळलं, की आपण दगडाशी बोलत होतो. संध्याकाळपर्यंत मंदी निघून गेली. जाताना तिला कोणी पाहिलं नाही.

दिवा लावताना कोंडिबाने देवापुढचा चिंचोका उचलला. त्यावर खाच होती. त्याने ती नांगीत धरून पाहिली; नेमकी बसली.

सकाळी तो भागाबाईकडे गेला. “हा माझाच चिंचोका. दोन महिने माझ्याच मडक्यात होता. मी आधीच बैठक विणून घेतली असती, तर मंदी त्याच दिवशी गेली असती.”

“बिनभवानीचं?” भागाबाईने कानांवर हात ठेवले. “आणि हे शहाणपण तुम्हाला केवढ्याला पडलं?”

“फुकट.”

“तरीच,” भागाबाई म्हणाली आणि एक पाय वर घेऊन उभी राहिली.

पुढच्या वर्षी मंदी पुन्हा आली. मागून सासऱ्याचं पत्रही आलं. या वेळी कोंडिबाला सगळं माहीत होतं. एका सकाळी तो चिंचोका घेऊन सुगरणबाईकडे निघाला. दार चार पावलांवर होतं. तिथे त्याचे आठही पाय थांबले. बिनभवानीचा चिंचोका काढायचा म्हणजे आजोबा काय म्हणतील? तो गुपचूप मागे फिरला. आता करकोचेसाहेब आले, की पुन्हा पाच चिंचोके गुंतवू, असं त्याने ठरवलं.

साहेब त्या वर्षी दुसऱ्या जंगलात गेले होते.

पुनवेला कोंडिबाने बिऱ्हाड हलवलं. अकरा मेहुण्यांनी सरकून त्याला जागा करून दिली. चिंचोक्यांचं भरलेलं मडकं उशाला घेऊन तो त्या कोपऱ्यात सात पाय वर धरून उभा आहे. झीज मात्र अजिबात होत नाही.

तात्पर्य : मंदीत पैसा करकोच्यात गुंतवावा. शेजाऱ्याच्या दुकानात घातला, तर तो खर्च होतो.