गिऱ्हाइकाला उठता येत नाही

प्रोग्रॅमिंगच्या वर्गात बाकं भिंतीकडे सारून मधोमध चहाचं दुकान मांडलं होतं. कागदी पेल्यांत चहा म्हणून पाणी होतं. वर्ग घेणाऱ्या मॅडम सारख्या दाराकडे बघत होत्या. आज समिती येणार होती. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग असं खेळत शिकवायचं, की पुन्हा विभागप्रमुखांच्या पिवळ्या पडलेल्या कागदांवरून उतरवून घ्यायचं, याचा आज निकाल होता.

विभागप्रमुखांचं मत केव्हाच ठरलं होतं. “पोरखेळ नुसता! कॉलेज आहे की बालवाडी?” हे ते कुणी न विचारताही सांगत. हा माणूस वर्षानुवर्षं तेच कागद वाचून दाखवत आला होता. मुलं घोकत, पास होत आणि नोकरीत पहिल्याच कामाला तोंडावर आपटत. त्या शिकवण्याला मात्र कुणी पोरखेळ म्हणत नसे. त्याला शिस्त म्हणत.

खेळ सोपा होता. फळ्यावर साचे लिहिलेले: वेटर आणि गिऱ्हाईक. प्रत्येक साच्याखाली त्याला काय काय करता येतं ते. ज्याच्या छातीवर ज्या साच्याचं कार्ड, तो त्या साच्याचा ऑब्जेक्ट. लिहिलंय तेवढंच करायचं, वरचं शहाणपण चालवायचं नाही. मॅडमनी स्वतःलाही एक नियम घालून घेतला होता. खेळ सुरू झाला की आपण तोंड उघडायचं नाही. प्रोग्रॅम बिघडला, तर पोरांनीच तो सुधारायचा.

गिऱ्हाइकं तयार करायचं काम भोंग्याकडे होतं. आवाजामुळे पोराला वर्गाने दिलेलं नाव. त्याला एकच ओळ दिली होती: वेटर रिकामा दिसला की नवं गिऱ्हाईक आणायचं. कुठे थांबायचं, हे लिहायचं राहून गेलं. आणि गिऱ्हाइकाच्या साच्यात बसणे, चहा मागणे, चहा पिणे एवढंच होतं.

वर्गातली मुलं संपली तसा भोंगा कॉरिडॉरमध्ये घुसला. शेजारच्या वर्गातली पोरं आली. ग्रंथपाल आले. भाचीची चौकशी करायला आलेली कुणाची तरी मावशी आली.

“अरे बाळा, मला वरच्या मजल्यावर जायचंय.”

“आधी बसा, मावशी. चहा मागा.”

मावशी बसली. फुकटचा चहा कोण सोडतो?

तेवढ्यात दारात समितीच्या अध्यक्षा आणि विभागप्रमुख उभे राहिले. भोंग्याने दोघांच्या छातीवर कार्ड चिकटवलं आणि त्यांना खुर्च्यांत बसवलं. विभागप्रमुखांनी भोवतालचा बाजार पाहिला आणि ते ताडकन म्हणाले, “मी चाललो.”

“सर, उठणे नाहीये तुमच्यात,” वेटर म्हणाला.

“माझ्यात काय आहे नि काय नाही, ते तू शिकवणार मला?”

“मी नाही सर. फळा.”

“बसा हो,” अध्यक्षा हसू दाबत म्हणाल्या. “शिस्त म्हणजे शिस्त.”

“मॅडम, थांबवा हे!”

मॅडमनी ओठ घट्ट मिटले. एक शब्द बोलल्या असत्या तर खोली मोकळी झाली असती आणि खेळ कायमचा मेला असता.

आता पेले डोक्यांवरून जात होते. खिडकीच्या कट्ट्यावरही गिऱ्हाइकं होती.

“भोंग्याला धरून ठेवा रे!”

“आणि आत अडकलेत त्यांचं काय?”

“एकेकाच्या कानात सांगू, ऊठ म्हणून.”

“जन्मभर कानात सांगत बसणार का?” फळा सांभाळणारी चष्मेवाली मुलगी करवादली. “माणसं कशाला बदलता? साचा बदला!”

तिने गिऱ्हाइकाच्या साच्याखाली लिहिलं: चहा पिऊन झाला की उठून जाणे. भोंग्याच्या ओळीपुढे लिहिलं: खुर्ची रिकामी असेल तरच.

खोलीभर खुर्च्या करकरल्या. ग्रंथपाल उठले, पोरं उठली, मावशी आणि अध्यक्षाही पेला संपवून उठल्या. एका ओळीने सगळे सुटले! हे मॅडमनी कधी सांगितलं नव्हतं, पोरीने स्वतः शोधलं होतं. मॅडमची मान अशी ताठ झाली, की समिती आता काय म्हणेल याची त्यांना फिकीरच उरली नाही.

विभागप्रमुख तेवढे बसून राहिले.

“चला सर, सुटलात,” अध्यक्षा म्हणाल्या.

“कसा सुटलो? चहा पिऊन झाला की, असं लिहिलंय. मी चहा प्यालेलोच नाही.”

“तुम्ही मागितलाच नाही, सर,” वेटर म्हणाला.

“आणि मागणारही नाही! न मागणारी गिऱ्हाइकं असतात जगात. त्यांनी काय इथेच म्हातारं व्हायचं? घोडचूक आहे ही!”

चष्मेवालीने फळ्याकडे पाहिलं आणि जीभ चावली. “खरंच की, सर.”

“म्हणजे हा खेळ बंद करायचा?” अध्यक्षांनी विचारलं.

“बंद?” विभागप्रमुख कडाडले. “चूक सापडली म्हणून प्रोग्रॅम बंद करतात होय? दुरुस्त करतात! ए पोरी, तो फळा इकडे आण. मला उठता येत नाहीये.”