पिवळ्या फुग्याची मोहीम

श्रीगजाननास वंदन करोन आणि खाज्याची पुडी बाजूस सारोन लिहावयास कारण ऐसे जे, मुलुंड परगणियात, मालवणी जत्रेचे मैदानी, फुग्यांच्या स्टॉलावर बहुत तुंबळ युद्ध जाहले. लोक त्याचे वर्तमान आपापल्या सोईने सांगतात, सबब खरे ते येथे नमूद केले असे.

खासे हवालदार जयवंतराव, पलटणीतून निवृत्त, नित्य जेवतेसमयी पलटणीची हकीकत सांगत आणि सार एकच काढीत की, गोळी बारीक का असेना, जागेवर लागली पाहिजे. जावई सुशांतराव, मोबाइलावर बंदुका पाहोन पंडित जाहलेले, यांचे मत उलटे: गोळी जाड हवी, मग ती कोठेही लागो. या वादात दर रविवारी आमटी निवोन जाई. मग जत्रेत छऱ्याच्या दोन बंदुका दिसल्या, एक जाड नळीची, एक बारीक, आणि जावयांनी कलम घातले: "पप्पा, तो मधला पिवळा फुगा. हरलात तर पलटणीची गोष्ट कायमची बंद हां!" यास शेवंतीबाईसाहेब, खाशांचे कुटुंब, यांणी ऐशा तत्परतेने रुकार दिला की हवालदारांचे काळीज चर्र जाहले. गोष्ट गेली तर पलटणच गेली, मग मागे उरले काय? गुडघेदुखी!

सुशांतरावांनी जाड बंदूक उचलिली आणि ऐसा भडिमार केला की मागील पत्रा दणाणला, आणि तांबडा फुगा पडला, हिरवा पडला, स्टॉलाचा दिवा कामास आला, परंतु पिवळा जागचा हलला नाही.

मग हवालदार बारीक बंदूक घेऊन पांढऱ्या लेंग्यानिशी धुळीत पालथे पडले, आणि पलटणीचा शिरस्ता ऐसा की परकी बंदूक हाती येता आधी ती गोळी कोठे टाकते ते पाहावे, सबब छऱ्यामागून छर्रा सोडिला, आणि सारे छर्रे फुग्याचे डावीकडे, कोऱ्या फळीवर, एकाच ठिकाणी जाऊन बसले. जमाव खदखदला. जावयांनी विजयाचा सेल्फी काढिला.

"अहो, फुगो थंय असा, तुमी खंय मारतास?" ऐसे बाईसाहेबांनी विचारिले.

हवालदारांस घाम फुटला, कारण छर्रा एकच शिल्लक. परंतु बंदुकीची माशी, म्हणजे नळीवरील नेम धरावयाची खूण, वाकडी, सबब बंदूक वीतभर डावीकडे फेकिते, इतके उमजले होते. म्हणोन फुगा सोडोन वीतभर उजवीकडे रिकाम्या जागी नेम धरिला, आणि चाप ओढिला, आणि पिवळा फट्दिशी फुटला. जयवंतराव उठले तेव्हां डोळ्यांत पाणी होते. धुळीचे, ऐसे त्यांणी जाहीर केले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली, आणि पलटणीच्या गोष्टीस आजन्म अभय मिळाले. परंतु त्या दिवसापासोन खाशांनी पलटणीचे नाव काढिले नाही. दोन्ही वेळां ताटावर पिवळा फुगाच फुटतो, आणि तो फुटेतो कोणास उठो देत नाहीत. अखेर बाईसाहेबांनी हात जोडोन अर्ज गुजारिला: "त्यापरास तुमची पलटण बरी होती, तीच सांगा!"

अर्ज नामंजूर जाहला.