पंधरा नंबरचा पाना

शेळकेनानांच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं झारा काढलेला होता. शेजारी उलथनं, सांडशी, पळी, किसणी. शोभेसाठी नव्हे हो! प्रत्येक आकारात एक खिळा आणि खिळ्यावर ती ती वस्तू. सांडशी चुलीपाशी राहिली तर नाना ताटावर बसत नसत. "भाऊसाहेब, आग लागो त्या बोटीला," नानांच्या घरच्या काकू मला म्हणायच्या. "मानूस परत दिला, पन डोकं तिकडंच ठिवून घेतलं!"

भाऊसाहेब म्हणजे मी. श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात टाइम ऑफिसचा कारकून, तोही हंगामी. नाना तिथं मिलमध्ये फिटर होते. त्याआधी पंधरा वर्षं नौदलात, आणि त्यातली शेवटची सात विमानवाहू बोटीवर, विमानांच्या दुरुस्तीला.

बोटीवरून विमान उडतं हे आमच्याकडं आधी कुणाला पटलंच नाही. उसाच्या गाड्या घेऊन आलेले गाडीवान तर हसून लोळायचे. "नाना, वढायला बैल किती जोडायचे वं?"

"बैल न्हाई, वाफ!" नाना तापायचे. "ह्या बॉयलरमंदी हाय ना, तीच. वाफेचा दट्ट्या सुटतो आन इमान पुढं फेकलं जातं. तुमच्या बापानं बगितलं न्हाई म्हनून खोटं हुतंय व्हय?"

मग एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई पेटली. कँटीनच्या रेडिओवर बातमी आली की आपल्या बोटीवरच्या विमानांनी पूर्वेकडं जाऊन शत्रूच्या बंदरांवर बाँब टाकले. त्या दिवशी तेच गाडीवान नानांभोवती गोळा झाले. नानांनी सगळ्यांना चहा पाजला आणि वर भाषण ठोकलं. "बोट विलायतेची हाय, मान्य. पन एक दिवस आपन आपली बांधनार. वाफ करता येती, लोखंड कापता येतं. मग अडलंय कुठं? शिस्तीत!"

आणि शिस्त म्हणजे पाने. वर्कशॉपच्या फळीवरही स्वयंपाकघरासारखेच लाल आकार होते. पाळी संपल्याचा भोंगा झाला तरी सगळे आकार भरल्याशिवाय नाना कुणाला हलू देत नसत. विमानाच्या पोटात एखादा पाना विसरला, तो विमान वळवायच्या दांड्यांत अडकला, की विमान माणसासकट समुद्रात. म्हणून बोटीवर एक जरी पाना कमी भरला तरी सगळी विमानं जागेवर. "पाना न्हाई, तर उड्डान न्हाई!" हे वाक्य दिवसातून दहादा ऐकू यायचं. थोरल्या मुलीच्या लग्नात वाढप्यांकडून आमटीचा एक डाव हरवला, तर या गृहस्थानं पंगत थांबवली. व्याही हातात आपोष्णाचं पाणी घेऊन बसलेले, आणि वधूपिता मांडवाखाली रांगतोय! डाव पातेल्याच्या तळाशी निघाला.

पुढचं वर्ष दुष्काळाचं. ऊस थोडा आणि कारखान्यांत त्यासाठी ओढाओढ. हंगामाच्या शुभारंभाला चेअरमन आले, त्यांचे मोठे पाहुणे आले, भटजी आले. उसाच्या मोळीला हार घातला. आता मोळी गव्हाणीत टाकायची आणि मिल सुरू करायची, एवढ्यात नानांनी वाफेचा कॉक बंद केला आणि ते इंजिनापुढं उभे राहिले.

"साहेब, पंधरा नंबरचा पाना फळीवर न्हाई. गेरच्या चाकांत पडला आसंल तर दाते उडत्याल. घावल्याबिगर मिल फिरनार न्हाई."

"शेळके, मुहूर्त टळतोय!"

"टळू द्या."

पाहुणे हसले. चेअरमनांचा चेहरा लाल झाला. "अर्धा तास देतो. पाना नाही मिळाला तर मिल सुरू होईल, आणि उद्यापासून तुम्ही गेटवर दिसायचं नाही."

पाना माझ्या सायकलच्या पिशवीत होता. त्याच दिवशी सकाळी मागच्या चाकाचा नट आवळायला मी तो गुपचूप उचलला होता आणि साफ विसरलो होतो. सांगितलं तर माझी हंगामी नोकरी गेलीच म्हणून समजा. घरी दोन लेकरं. मी काय करावं? लाज वाटते सांगायला, पण सगळ्यांबरोबर मीही मिलखाली वाकून पाना शोधत होतो. नाना गुडघ्यांवर पुढं, मी मागं. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची पाठ घामानं भिजली होती.

पाच मिनिटं उरली तेव्हा मला राहवेना. सायकलपाशी पळत गेलो, पाना आणला आणि नानांना गेल्या हंगामातल्या चिपाडांच्या ढिगामागं ओढून हातात ठेवला. म्हटलं, आता कानाखाली बसणार.

नाना मटकन खाली बसले. "सांगितलंस रं," म्हणाले. "मी न्हवतं सांगितलं."

मला कळेना. मग ते पान्याकडं बघत बोलले. "बोटीवर एकदा माझा पाना हरवला, भाऊसाहेब. भ्यालो. समदे पाने हायती म्हनून सही ठोकली. इमान गेलं. पाऊन तास मी आभाळाकडं बगत उभा हुतो. आलं, सुखरूप आलं. पाना माझ्याच डगल्याच्या अस्तरात घुसला हुता. वैमानिक खाली उतरला आन माझ्या पाठीवर थाप मारून म्हनला, शेळके, तुमी हाय म्हनून आमी बिनघोर उडतो. तवा तरी सांगायचं! त्याला न्हाई, कुनालाच न्हाई सांगितलं. काकूलाबी."

ते उठले आणि तडक चेअरमनांपुढं गेले. "साहेब, पाना माझ्याच खिशात हुता. चूक झाली."

"वा! आणि यासाठी मुहूर्त थांबवला?" चेअरमन पाहुण्यांकडं बघून ओरडले. "या माणसाला आत्ताच्या आत्ता..."

"नाना खोटं बोलतायत," मी म्हणालो. "पाना मी नेला होता. न विचारता. आणि सगळे शोधत असताना गप्प बसलो."

चेअरमनांनी माझ्याकडं पाहिलं, नानांकडं पाहिलं, घड्याळ पाहिलं. "राहा दोघेही कामावर," ते शेवटी म्हणाले. "आणि मोळी टाका आधी."

नानांनी कॉक उघडला. मिल फिरली, टाळ्या वाजल्या, भटजींनी नारळ फोडला. नानांनी माझा हात धरला तो ते सोडेनात, आणि चारचौघांत लहान लेकरासारखे रडत होते. मला ठाऊक होतं, ते माझ्यासाठी रडत नव्हते. इतकी वर्षं त्यांना जे कुणापुढं बोलता आलं नव्हतं, ते मी भर सभेत बोलून बसलो होतो.